झाड दसऱ्याला लावा: परतीच्या पावसानंतरची अंगणातली कामं

आमच्या उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यात पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या. जून लागला की गिऱ्हाईक आवरत नाही. सोसायट्या येतात, शाळा येतात, वाढदिवसाला झाड द्यायचं म्हणून लोक येतात. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तो १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केला, आणि तेव्हापासून झाड म्हटलं की पावसाळ्याचं तोंड हे समीकरण पक्कं झालंय. माझी निम्मी विक्री त्याच दोन महिन्यांतली, तरी घराच्या अंगणात चार-सहा झाडं लावणाऱ्याला मी सांगते, आत्ता खड्डा बघून ठेवा आणि झाड न्यायला दसऱ्याला या.

कारण आपल्याकडची माती. काळ्या भारी जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये खड्डा म्हणजे हौद होतो. भोवतीची जमीन पाणी सोडत नाही, खड्ड्यातली भुसभुशीत माती सगळं पाणी ओढून घेते आणि कोवळ्या मुळांना हवाच मिळत नाही. पानं पिवळी पडली की माणसाला वाटतं खत कमी पडलं. मग तो मूठभर युरिया टाकतो आणि झाड गेलंच. हस्ताचा पाऊस पडून गेला की हे चित्र पालटतं. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागतं आणि १० ऑक्टोबरच्या आसपास संपतं. हादग्याच्या गाण्यांचे हे दिवस. जमीन खोलवर ओली असते, पण चिखल नसतो. माती ऊबदार असते आणि डिसेंबरची थंडी पडायला दोन महिने बाकी असतात. तेवढ्यात मूळ हुंडीच्या, म्हणजे पिशवीतल्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, बाहेर पडून भोवतालच्या मातीत घुसतं. वर पालवी फारशी दिसणार नाही, तिची वाट बघू नका. उन्हाळ्यात झाड तगणार की नाही ते या दोन महिन्यांत खाली काय झालं त्यावर ठरतं.

आता याची दुसरी बाजूही सांगते. पाणी घालायला माणूस नसेल तर दसऱ्याला लावू नका. डोंगरउतारावर, गायरानात, मित्रमंडळींनी शनिवार-रविवार जाऊन लावायची झाडं पहिल्या दमदार पावसावर जूनमध्येच लावली पाहिजेत, त्यांचा सगळा भार पावसावर असतो. कोकणातलं गणितही वेगळं, तिथे जांभा दगडातून पाणी झटकन निघून जातं. मी बोलतेय ते पठारावरच्या, नळ किंवा बोअर असलेल्या घराबद्दल.

नर्सरीत काय बघायचं

नर्सरीवालीच सांगतेय म्हणून विश्वास ठेवा: सगळ्यात उंच आणि सगळ्यात हिरवं झाड उचलू नका. लोक पाच फुटी झाडावर हात ठेवतात आणि शेजारचं अडीच फुटी, जाड खोडाचं सोडून देतात. पाच फुटी झाड त्याच छोट्या पिशवीत दोन-तीन वर्षं उभं असतं. पिशवी उचलून तळ बघा. भोकातून पेन्सिलीएवढं जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत गेलेलं असेल तर ते झाड आम्ही उपटून तुमच्या हातात देणार आणि ते मूळ तिथेच तुटणार. आत मुळांची गुंडाळीही झालेली असते. बाहेर आलेली बारीक पांढरी मुळं मात्र चांगली, त्यांना घाबरू नका.

कलम घेताना जोडावर बोट फिरवा. जोड भरलेला असावा, फट नसावी, प्लास्टिकची पट्टी सालीत रुतलेली नसावी. आंब्याची मृदुकाष्ठ कलमं पावसाळ्यात बांधली जातात, त्यामुळे दसऱ्याला घेताना विचारा, "हे यंदाचं बांधलेलं की मागच्या वर्षीचं?" मागच्या वर्षीचंच घ्या. यंदाचं अजून कच्चं असतं, टेम्पोतल्या दोन धक्क्यांत जोड हलतो. आणि कलमाची फूट वर चांगली वाढलेली आहे ना बघताना जोडाखालून काही फुटलंय का तेही बघा. जोडाखालची फूट खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याची. आंब्यात ती रायवळ निघेल. चिकूची तऱ्हा आणखी गमतीची. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, आणि खिरणीची रानफूट इतकी जोमदार की दोन वर्षं लक्ष दिलं नाही तर चिकू वाळून खिरणी राहते. चिकूचं पान टोकदार आणि फांदीच्या शेंड्याला झुपक्यात. खिरणीचं पान रुंद, शेंड्याला बोथट किंवा किंचित खाचेचं. एकदा दोन्ही शेजारी धरून बघितली की पुन्हा फसगत होत नाही.

आमच्या पट्ट्यात बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तिथली माणसं कामात पक्की आहेत. पण ती माती नदीकाठची, चिकट. एकदा कोरडी पडली की दगडासारखी होते आणि वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जातं. शिवाय ट्रकमधून उतरलेलं झाड पानं गाळतं. अशी झाडं निदान दोन-तीन आठवडे नर्सरीत थांबून, नवी फूट घेऊन मगच विकली गेली पाहिजेत. "आजच गाडी आली, ताजा माल आहे," असं कुणी कौतुकाने सांगितलं तर पुढच्या महिन्यात या.

जात कुठली घ्यावी यावर लोक तासन्‌तास घालवतात, मी थोडक्यात उरकते. पठारावर आंबा म्हणजे केशर. हापूस लावा, हौस असेल तर, पण कोकणातल्या चवीची आणि नियमित फळाची अपेक्षा ठेवू नका. पेरू सरदार, म्हणजे एल-४९. तो पुण्यातल्याच गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात निवडलेला, आपल्या हवेत मुरलेला. कागदी लिंबात साई सरबती किंवा फुले सरबती, दोन्ही राहुरीच्या विद्यापीठाच्या. पाणी कमी आणि जमीन मुरमाड असेल तर सीताफळ, डोळे मिटून. डाळिंब अंगणात लावू नका असं मी स्पष्ट सांगते. तेल्या रोग आला की फवारण्यांच्या मागे लागावं लागतं आणि घरात लहान मुलं असताना ते करायला नको.

शोभेच्या झाडात "लवकर वाढणारं काहीतरी द्या" अशी मागणी असते. त्यावर सगळ्या नर्सऱ्यांचं उत्तर बरीच वर्षं कोनोकार्पस हे होतं. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मी ते ठेवत नाही. कुंपणाला करवंद लावा, थोडा धीर धरा. रस्त्याकडेला किंवा सोसायटीच्या आवारात ताम्हण, बहावा, कांचन, करंज. सप्तपर्णी लावण्याआधी ऑक्टोबरच्या संध्याकाळी एखाद्या फुललेल्या झाडाखाली दहा मिनिटं उभे राहून बघा. काहींना तो वास मोहवतो, काहींचं डोकं चढतं, आणि सोसायटीच्या सभेत मग दोन तट पडतात.

खड्डा

आंब्याला तीन फूट लांब-रुंद-खोल, पेरू-लिंबू-सीताफळाला दोन फूट. घराच्या भिंतीपासून आंबा निदान पंधरा-वीस फूट, बाकीची फळझाडं दहा-बारा फूट. नव्या बंगल्याच्या आवारात खणताना एक गोष्ट हमखास सापडते: राडारोडा. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, फरशीचे कपरे, वर तांबडी माती पसरून झाकलेले. ते सगळं बाहेर काढा. सिमेंट-चुन्याच्या मातीत लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. तो लोहाचा तुटवडा. माती चुनखडीची असली तरी तेच.

खड्डा झाला की संध्याकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओता. सकाळी पाणी जिरलेलं असेल तर उत्तम. अजून उभं असेल तर खड्ड्यात झाड लावायचं नाही. त्याच मातीचा फूट-दीड फूट उंच, चारेक फूट रुंद ओटा करायचा आणि त्यावर लावायचं. लोकांना हे पटत नाही. "खड्डा खणायला हजार रुपये मजुरी दिली," म्हणतात. मजुरी गेली ती गेली, झाड तरी राहू द्या.

भरताना वरच्या थराची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. माती तीन भाग असेल तर शेणखत एक भाग, त्याहून जास्त नको. आंब्याच्या मोठ्या खड्ड्यात दीड-दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत हातात घेतलं तर शेणाचा वास यायला नको, पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातकट वास यावा. कच्चं शेण म्हणजे हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीला आवतण. भरलेला खड्डा आठ-दहा दिवस तसाच ठेवा, एकदोनदा पाणी द्या, माती बसू द्या. घाईने लावलेलं झाड मातीबरोबर खाली बसतं आणि जोड मातीत जातो.

घरी आणलेलं झाड लगेच लावू नका. चार-सहा दिवस, ते जिथे लावायचं त्याच्याजवळ, अर्ध्या सावलीत ठेवा. टेम्पोतून आणताना उघड्यावर वारा लागला तर पानांच्या कडा करपतात, म्हणून ओलं बारदान किंवा जुनी चादर टाकून आणा. हे सांगूनही लोक मोटारीच्या खिडकीतून शेंडा बाहेर काढून हायवेने नेतात.

लावताना

वेळ संध्याकाळची, चारनंतर. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन एप्रिलच्या तोडीचं असतं.

आधी पिशवीला पाणी देऊन तासभर थांबा, म्हणजे हुंडी फुटत नाही. मग पिशवी आडवी धरून ब्लेडने उभी चिरा, तळ कापून काढा. खोडाला धरून ओढायचं नाही. आमच्याकडच्या मावशी हे काम करतात तेव्हा बघण्यासारखं असतं. डाव्या तळव्यावर हुंडी, उजव्या हाताने कागद सोलल्यासारखी पिशवी बाजूला, मातीचा एक कणही खाली पडत नाही. मग त्या हुंडीच्या बाजूला बोटं फिरवतात. मुळं गोल गोल फिरलेली लागली तर त्याच ब्लेडने वरून खाली तीन-चार ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या खोल उभ्या चिरा देतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण ती गुंडाळी तोडली नाही तर मुळं जन्मभर तशीच फिरत राहतात, आणि पाच-सहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवं होतं तेव्हा खाली पिशवीच्याच आकाराचा गोळा सापडतो.

कडियमच्या चिकट हुंडीचं आणखी एक. तिचा बाहेरचा अर्धा-पाऊण इंच थर बोटांनी हलकेच मोकळा करा, म्हणजे तिच्यात आणि तुमच्या मातीत भिंत राहणार नाही.

झाड पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. जोड मातीत गेला तर ओल धरून सडतो, किंवा वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. माती भरून पायाच्या टाचेने नव्हे, हाताने दाबा. एक बादली पाणी सावकाश.

काठी हवीच, पण खोडाला चिकटून नको. हुंडीच्या बाहेर, वाऱ्याच्या अंगाला रोवा. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा देऊन. तार, नायलॉनची दोरी, केबल टाय यातलं काही नको. सालीत रुतलेली तार मी इतकी बघितलीय की आता रस्त्याने जाताना सोसायटीच्या झाडांची खोडंच आधी दिसतात. काठी वर्षभराने काढून टाका.

खत? पहिले दोन महिने काहीही नाही. खड्ड्यात घातलंय तेवढं पुरे.

पाणी, म्हणजे निम्मं काम

लावल्यावर पहिले पंधरा दिवस एक-दोन दिवसांआड एक बादली. पुढे ऑक्टोबर हीट असेपर्यंत तीन-चार दिवसांनी. थंडी पडली की आठवड्याने. पण हे आकडे माझ्या मातीचे. तुमच्या मातीला विचारायचं असेल तर बोट खुपसून चार इंच खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाला ओल लागली तर आज पाणी नको. भुगा झाला तर द्या. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालणं ही सवय सगळ्यात वाईट. वरचे दोन इंच भिजतात, मुळं तिथेच वर राहतात आणि मे महिन्यात तुम्ही चार दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं.

आळं करताना खोडाभोवती मातीची भर, तिच्या बाहेर पाण्याचा चर, त्याच्या बाहेर कडा, अशी बांगडीसारखी रचना करा. पाणी खोडाला शिवता कामा नये. लिंबाला हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण खोड ओलं राहिलं की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक ओघळणारा रोग, ठरलेलाच. आणि दरवर्षी ही बांगडी बाहेर सरकवा. दहा वर्षांच्या आंब्याच्या बुंध्याशी पाइप सोडून बसणारी माणसं मी बघते. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला पोहोचलेली असतात, बुंध्याशी नव्हे. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, खोडापासून फूटभर अंतरावर दोन बाजूंना, तेही पुढे सरकवत न्यायचे.

आळ्यावर आच्छादन घाला. आमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं. शहरात सोसायटीचा पालापाचोळा आहे, जो बहुतेक ठिकाणी जाळला जातो. चार इंच थर, खोडापासून वीतभर सोडून. वाळवीची जागा असेल तर तो थर अधूनमधून उलथा करत राहा.

पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर त्या बाजूने कडब्याच्या चार पेंढ्या किंवा हिरव्या जाळीचा तुकडा उभा करा. पूर्ण झाकू नका.

जुनी झाडं

नवं झाड लावण्याच्या उत्साहात अंगणातल्या जुन्या झाडाकडे कुणी बघत नाही. पावसाळा संपल्यावर त्याच्याभोवती एक फेरी मारा, सावकाश, खालून वर बघत.

बुंध्यावर डिंक ओघळलेला दिसला तर धारदार चाकूने ती साल जिवंत, हिरवट भाग लागेपर्यंत खरवडून काढा. खरवड मातीत पडू देऊ नका, गोळा करून जाळा. मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप. बाजारात तयार मिळते, पण घरी केलेली स्वस्त पडते. प्रमाण सोपं आहे: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन-तीन झाडांना २५० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि अडीच लिटर भरपूर होतं. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत निम्म्या पाण्यात लोंबकळत सोडा, सकाळपर्यंत पाणी निळंशार होतं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुना वेगळ्या भांड्यात थोडं थोडं पाणी शिंपडत विझवा. तो खदखदतो, वाफा येतात, तोंड लांब ठेवा. तो निवला की उरलेलं पाणी घालून गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काठीने ढवळा. आभाळी रंगाची दाट पेस्ट होते. आता एक घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात दोन-चार मिनिटं बुडवा. खिळ्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद जास्त झालंय, आणखी चुन्याचं पाणी घाला आणि पुन्हा बघा. खिळा जसाच्या तसा निघाला की ब्रशने जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत खोडाला लावा. हातमोजे घाला, पेस्ट त्याच दिवशी संपवा, उरलेली माशांच्या टाकीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये. खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे मारून सोसायटी सजवतात, त्याने रोग आटोक्यात येत नाही. बोर्डो दिसायला तितकी देखणी नाही, पण कामाची आहे.

आंबा, पेरू यांच्या फांदीच्या बेचक्यात तांबूस भुशाची जाळी लोंबताना दिसली तर ती साल खाणारी अळी. दिवसा ती भोकात बसते आणि रात्री त्या जाळीखालून बाहेर येऊन साल खाते. जाळी ब्रशने साफ करा, भोक सापडेल. त्यात सायकलच्या आऱ्याची तार घालून फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सारून वरून चिखल लिंपा. सिगारेट बाजूला ठेवून, हे सांगावं लागतं. आठवड्याने पुन्हा बघा. ताजा भुसा दिसला तर पुन्हा तेच.

बांडगूळ आताच काढा. आंब्यावर वेगळ्याच जाड पानांचा झुपका दिसतो, लोकांना वाटतं झाडाला छान पालवी आलीय. त्याची फळं पिकली की पक्षी ती खाऊन चिकट बी शेजारच्या फांदीवर पुसतात आणि पुढच्या वर्षी तीन झुपके होतात. नुसतं उपटून भागत नाही, त्याची मुळी फांदीच्या लाकडात असते. जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खालून फांदीच कापा आणि कापावर बोर्डो लावा.

लिंबावर या दिवसांत नवी पालवी येते आणि पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसतं. हात लावला तर ते डोक्यातून नारिंगी शिंगं काढतं आणि उग्र वास सोडतं. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्यांनी काही बिघडत नाही, राहू द्या. हातभर रोपावर असेल तर वेचून दुसरीकडे सोडा. यासाठी औषध विकत मागू नका, मी देत नाही.

फळावरच्या आंब्याला, म्हणजे सहा-सात वर्षांपुढच्या, आता पाणी बंद. हे ऐकून लोक दचकतात. ऑक्टोबरपासून मोहोर निघेपर्यंत त्याला ताण हवा. पाणी आणि नत्र चालू ठेवलं तर मोहोराऐवजी पालवी येते आणि मग जानेवारीत फोन येतो, "झाड इतकं हिरवंगार, पण मोहोरच नाही." फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी पुन्हा सुरू करा. आंब्याची छाटणीही आता नको, फक्त वाळलेल्या काड्या काढा.

गुलाबाचं नेमकं उलटं. त्याची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस नक्की गेला की. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटणाऱ्या कोंबाच्या, पाव इंच वर तिरका काप, धारदार कात्रीने, देठ चिरडता कामा नये. साधारण दीड महिन्याने, डिसेंबरच्या सुरुवातीला, बहर येतो.

मोठ्या झाडाच्या फांद्या तोडायच्या असतील तर आधी परवानगी. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, झाड तुमच्या आवारातलं असलं तरी. आणि कुणाला कंत्राट दिलंत तर तो शेंडा छाटून झाडाचा खांब करणार नाही ना, ते आधीच ठरवून घ्या. जाड फांदी तीन टप्प्यांत कापतात: आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून अर्धा काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट शेवटी फांदीच्या कॉलरपाशी, म्हणजे जिथे फांदीचं मूळ फुगीर असतं तिथे. खालचा काप दिला नाही तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते.

शंका विचारायला येताना नुसतं एक पान घेऊन येऊ नका. पान कसलंही असलं तरी चार कारणं निघतात. संपूर्ण झाडाचा एक फोटो, बुंधा जिथे मातीत शिरतो तिथला एक, पानाच्या मागच्या बाजूचा एक, आणि जमलं तर वीतभर खोलवरची मूठभर माती पिशवीत. शेवटचं पाणी कधी दिलं आणि खत म्हणून काय टाकलं तेही खरं सांगा. सोमवारी सकाळी या, रविवारी नर्सरीत उभं राहायला जागा नसते.